आठ नंबरचा ओलावा

वळसंग रस्त्यावरच्या सूतगिरणीत सरदारबीला सव्वीस वर्षं झाली होती. सूत कातणाऱ्या रिंगफ्रेमच्या दोन रांगांमधून सकाळी सात ते दुपारी साडेतीन ती चालायची, तुटलेला धागा दिसला की बोटाच्या एका हिसक्यानं जोडायची आणि पुढं सरकायची. त्या चालण्याची लांबी धरली असती तर बाई सोलापुरातून निघून मक्केला पोहोचून परत आली असती, असं तिचं स्वतःचं म्हणणं होतं. हिशोब कुणी तपासला नव्हता, कारण सरदारबीचं म्हणणं तपासायच्या भानगडीत खात्यात सहसा कुणी पडत नसे.

तिच्याबद्दल खात्यातल्या तीस बायकांना माहीत असलेली आणि स्पिनिंग मास्तर कमलाकरांना माहीत नसलेली एक गोष्ट होती. आठ नंबरच्या मशीनमागं रिकाम्या बॉबिनांची एक खोली होती. खाली शहाबादी फरशी, वर पत्रा. त्या खोलीत बॉबिनांच्या क्रेटांच्या आड दोन हजार वॉटची विजेची शेगडी होती. साडेनऊला चहा, बाराला तीस डबे गरम, दोनला परत चहा. कँटीन अंगणाच्या पार पलीकडं, जेवायची सुट्टी अर्ध्या तासाची, आणि तिथला चहा म्हणजे कपबश्या विसळलेलं पाणी. डबे गरम करायला जागा द्या म्हणून सरदारबीनं कमलाकरांना तीनदा सांगितलं होतं. तिन्ही वेळा त्यांनी "अर्ज द्या" म्हटलं. तिनं अर्ज दिला नाही, शेगडी आणली.

कापसाच्या गिरणीत उघडी शेगडी म्हणजे काय, हे तिला कळत नव्हतं असं नाही. खोलीत कापसाचा एक तंतू राहू देत नसे. रोज सकाळी झाडून ओल्या फडक्यानं फरशी पुसायची, दाराला भिजवलेलं पोतं टाकायची, कोपऱ्यात वाळूची बादली. वायर ओढून दिली होती गिरणीचा वायरमन रज्जाक यानं. खोलीत प्लगच नव्हता, म्हणून त्यानं भिंतीला चिकटून असलेल्या आठ नंबरच्या मशीनच्या वारा ओढणाऱ्या पंख्याच्या पेटीतून तार काढली होती. बदल्यात दोन वेळचा चहा, आलं घालून. तीन वर्षं सगळं सुरळीत चाललं होतं.

मग ज्ञानदा आली.

करमाळ्याच्या एका शिक्षकांची मुलगी. वस्त्रोद्योगाची पदवी घेऊन एका यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत लागलेली. पाठीला लॅपटॉपची बॅग, पायात बूट, आणि खात्यात शिरल्याबरोबर बायकांसारखाच कानात कापूस घालून घेतला म्हणून त्यांच्यात लगेच मान मिळालेली. तिच्या कंपनीनं कमी विजेत चालणारी नवी कॉम्पॅक्ट यंत्रणा काढली होती. ती आठ नंबरवर बसवायची, शेजारच्या सात नंबरवर जुनीच ठेवायची, आणि आठवडाभर दोन्हीच्या पंख्यांना मीटर लावून कोण किती वीज खातं ते बघायचं. शंभरातली पंचेचाळीस तरी वाचली, तर मालक महादेवप्पा सगळ्या मशीनना ती घेणार, नाही तर नाही.

"म्हंजे नेमकं करतं काय गं हे?" पहिल्याच दिवशी सरदारबीनं तिला विचारलं.

ज्ञानदानं इकडं तिकडं बघितलं. मशीनच्या आवाजात ओरडून सांगायचं होतं. "मावशी, धागा पिळायच्या आधी कापसाचे तंतू पसरलेले असतात ना? कडेचे बाहेर राहतात, त्याचीच पुढं लव दिसते. वेणी घालायच्या आधी केस मुठीत गच्च धरतो, तसं हे तंतू धरून ठेवायचे. मग धागा गुळगुळीत होतो, तुटतही कमी."

"ते जुनं बी करतंय की. वाऱ्यानं ओढतंय."

"करतं, पण त्यासाठी मोठा पंखा दिवसभर सुसाट फिरवावा लागतो. निम्मा वारा भलतीकडूनच आत शिरतो."

"फुटक्या नळीनं सरबत ओढल्यावानी."

ज्ञानदा हसली. "अगदी. आमची नळी फुटकी नाही. म्हणून पंखा हळू फिरला तरी चालतं."

सरदारबीला पोरगी तिथंच आवडली. आणि दुसऱ्या दिवशी, नव्या यंत्रणेवर निघालेला धागा बोटांमधून सोडताना, तिला ती यंत्रणाही आवडली. एवढ्या वर्षांत धाग्याला असा मऊपणा तिनं पाहिला नव्हता. नऊ नंबरवरच्या बसव्वाला तिनं बोलावून दाखवला. बसव्वानं तो गालाला लावला आणि म्हणाली, "यव्वा, लोण्यावानी हाय की!"

पण आकडे काही लोण्यासारखे आले नाहीत. सोमवारी सकाळपाळी संपल्यावर ज्ञानदानं मीटर वाचले. सात नंबरचा पंखा अठ्ठेचाळीस युनिट. आठ नंबरचा एकतीस. पस्तीस टक्के वाचले. मंगळवारी तेच. बुधवारीही तेच. तिनं पट्टे तपासले, फटी तपासल्या, पंख्याचा वेग मोजला, जेवण न करता मशीनखाली पाठीवर पडून राहिली. सगळं जागच्या जागी होतं. पंखा पंचविसावर यायला हवा होता, फक्त सहा युनिटं कुठं तरी जात होती.

कमलाकरांचा चेहरा मात्र रोज थोडा थोडा उजळत चालला होता. जुनी यंत्रणा त्यांनीच सुचवलेली, त्यांनीच बसवून घेतलेली. ती कुणी मोडीत काढतंय म्हटल्यावर त्यांना झोप येत नव्हती.

"मॅडम, ब्रोशर छान होतं तुमचं," बुधवारी दुपारी ते म्हणाले. "कागद गुळगुळीत होता."

ज्ञानदा बॉबिनांच्या खोलीच्या पायरीवर जाऊन बसली आणि फोनवर आपल्या साहेबांना सांगत राहिली की हो सर, बघते सर, माझीच काही चूक असेल सर. आत क्रेटांच्या आड सरदारबी चहा गाळत होती. तिला सगळं ऐकू येत होतं. पातेलं हातात धरून तिनं शेगडीकडं बघितलं, शेगडीतून निघालेल्या तारेकडं बघितलं, तार भिंतीच्या भोकातून जिथं जात होती तिकडं बघितलं. आणि पातेलं हळूच खाली ठेवलं.

पाळी सुटल्याबरोबर तिनं रज्जाकला गाठलं.

"रज्जाक, ती तार कुठनं काढलीस रे?"

"आठच्या पंख्याच्या पेटीतनं. का, आपा?"

"आन् त्या पोरीनं मीटर कुठं लावलाय?"

"या अल्ला," तो म्हणाला. "तिचा पंखा तुमची चाय उकळतोय!"

"हळू बोल की."

"काढून टाकू काय आत्ताच्या आत्ता?"

आता खरं तर सरदारबीनं हो म्हणायला हवं होतं. पण तीस बायकांचे गार डबे तिच्या डोळ्यांपुढं उभे राहिले. शिवाय दोनचा चहा. शिवाय, खरं सांगायचं तर, कमलाकरांचा तो उजळलेला चेहरा.

"काढू नको," ती म्हणाली. "सात नंबरच्या पेटीत टाक."

"नक्को, आपा. ये बरोबर नही."

"आठवर तीन वर्सं बरोबर होतं, आन् सातवर न्हाय व्हय?"

संध्याकाळी दुसऱ्या पाळीच्या गडबडीत रज्जाकनं तार इकडची तिकडं केली.

गुरुवारी सकाळपाळीचे आकडे आले. आठ नंबर पंचवीस. सात नंबर चोपन्न. कमलाकरांनी चष्मा काढून पुसला आणि मीटर पुन्हा वाचला. बसव्वानं मशीनआडून सरदारबीला डोळा मारला. सरदारबी अगदी मन लावून धागा जोडत होती.

तिला वाटलं होतं, पोरगी उड्या मारेल. ज्ञानदानं कागदावर आकडेमोड केली, खोडली, परत केली, आणि तिचा चेहरा बुधवारपेक्षा जास्त उतरला.

"काय झालं गं? जिंकलीस की!"

"चोपन्न टक्के आलेत, मावशी. आमच्या कंपनीत, सगळं नवंकोरं असताना, एकोणपन्नासच्या वर कधी गेलं नाही. हे खोटं आहे."

"मशीनला आमची हवा मानवली आसंल."

"मावशी, नवं मशीन सुधारलं एक वेळ समजू. पण जुनं मशीन एका रात्रीत सहा युनिट जास्त कसं खायला लागलं?"

एवढी अक्कल असलेली पोर इंजिनीअर कशाला झाली, पोलिसात जायचं, असं सरदारबीच्या मनात आलं.

त्या मीटरना आठवण होती. मिनिटामिनिटाचा वापर ते आपल्या पोटात साठवून ठेवायचे. आतापर्यंत ज्ञानदानं फक्त पाळीची बेरीज पाहिली होती. शुक्रवारी सकाळी तिनं लॅपटॉप जोडून सगळी नोंद बाहेर काढली आणि पडद्यावर आलेखाची रेघ सपाट येता येता तीन ठिकाणी उंटाच्या पाठीसारखी वर उठली. साडेनऊला एक वशिंड. बाराला एक, जरा रुंद. दोनला एक. सोमवार ते बुधवार ही तिन्ही वशिंडं आठ नंबरवर होती. गुरुवारी ती सात नंबरवर होती. दुसऱ्या पाळीत आणि रात्रपाळीत एकही नव्हतं.

बुधवारी बॉबिनांच्या खोलीच्या पायरीवर आलेला आल्याच्या चहाचा वास तिला आठवला. मग घड्याळाकडं बघितलं, लॅपटॉप मिटला आणि वाट बघत राहिली.

दोनला पाच मिनिटं कमी असताना बॉबिनांच्या खोलीच्या दारातलं ओलं पोतं बाजूला झालं. आत सरदारबी उकळत्या पातेल्यावर वाकलेली, बसव्वा कप मांडत बसलेली, रज्जाक क्रेटवर पाय सोडून बसलेला. दारात ज्ञानदा उभी. तिच्या हातात स्वतःचा स्टीलचा कप होता.

शेगडीवरचा चहा वर आला. सरदारबीनं सवयीनं पातेलं उचललं.

"साखर किती घालता?" ज्ञानदानं विचारलं.

"बेताची," सरदारबी म्हणाली.

तिनं कप भरून दिला. ज्ञानदा क्रेटवर बसली, अर्धा कप संपवला आणि मग म्हणाली, "मावशी, तुमच्या ह्या चहानं तीन दिवस माझी झोप उडवली."

"तुजं वाईट व्हावं आसं मनात नव्हतं गं. म्हनून तर तार हलवली."

"ते तर त्याहून वाईट केलंत! आधी मी नापास होत होते, आता कॉपी करून पास होतेय."

बसव्वाला हसू आलं, तिनं पदर तोंडात धरला. ज्ञानदालाही हसू आलं, पण तिनं ते आवरलं. तिचं म्हणणं साधं होतं. उद्या शनिवारी शेगडी बंद. एक दिवस खरी चाचणी. "मागचे आकडे मी खोडणार नाही. ते पाप मी करणार नाही. पण तुमचं नाव माझ्या तोंडून येणार नाही. सोमवारी मालक येतील तेव्हा कुणी काही विचारलंच नाही, तर विषय संपला."

शनिवारी तीस बायकांनी गार भाकरी खाल्ली. चहा नाही म्हटल्यावर साडेनऊपासून खात्याचं डोकं दुखायला लागलं. बसव्वा दोनदा सरदारबीवर खेकसली आणि एकदा स्वतःच्या मशीनवर. रज्जाक कँटीनचा चहा पिऊन आला आणि कुणाशी बोलेना. पण पाळीच्या शेवटी मीटर वाचले तेव्हा सात नंबर अठ्ठेचाळीस आणि आठ नंबर पंचवीस होता. अठ्ठेचाळीस टक्के. ज्ञानदानं आकडा लिहिला आणि त्याखाली दोन रेघा ओढल्या.

सोमवारी दहा वाजता महादेवप्पा आले. सत्तरीचा माणूस, पांढरं धोतर, कपाळाला विभूती. वडिलांच्या काळात हातमागावर बसलेला, मग पॉवरलूम, मग ही गिरणी. कमलाकरांच्या केबिनमध्ये बैठक झाली. धाग्याबद्दल सांगायला सरदारबीला बोलावलं होतं, कारण दोन्ही मशीन तीच बघत होती.

"धागा कसाय गं?" मालकांनी विचारलं.

"झकास हाय, मालक. सातवर तासाला धा-बारा धागं तुटत्यात, आठवर चार-पाच. माजं चालनं निम्म्यावर आलंय."

"बरं," महादेवप्पा म्हणाले आणि ज्ञानदानं पुढं केलेला शनिवारचा कागद पाहून त्यांनी मान हलवली. तिथंच सगळं संपलं असतं. पण कमलाकरांनी घसा खाकरला.

"मालक, एक शनिवार बघून निर्णय नको. आठवड्याची पूर्ण नोंद बघा. आकडे ठरत नाहीत. हे बघा, मधेच वाढतात." त्यांनी ज्ञानदाच्या अहवालातलंच मागचं पान उघडलं आणि उंटाच्या पाठींवर बोट ठेवलं. "मी याचा अभ्यास केला आहे. हा कापसातला ओलावा. सकाळच्या हवेत ओलावा वाढला की नव्या यंत्रणेला तो सोसत नाही. पंखा दमतो."

"ओलावा," महादेवप्पा म्हणाले.

"ओलावा, मालक."

महादेवप्पांनी कागद डोळ्यांजवळ नेला. "साडेनऊला येतोय, बाराला येतोय, दोनला येतोय. वक्तशीर हाय तुमचा ओलावा."

"तापमानाचा संबंध असतो त्यात."

"आसंल, आसंल. पन मास्तर, बुधवारपर्यंत हा ओलावा आठ नंबरवर दिसतोय. बेस्तरवारी सात नंबरवर हाय. चालत गेला काय?"

ज्ञानदा खाली बघत होती. सरदारबी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत होती आणि मनातल्या मनात जेवढ्या दुवा पाठ होत्या तेवढ्या म्हणत होती. अजून वेळ गेली नव्हती. गप्प बसलं की झालं.

"मग एकच अर्थ निघतो, मालक," कमलाकर म्हणाले, आणि आता त्यांचा आवाज चढला. "मीटर यांचे, लॅपटॉप यांचा. आधी पस्तीस, मग चोपन्न, मग नेमकं पाहिजे तेवढंच अठ्ठेचाळीस. बाईंनी आकडे फिरवलेत."

ज्ञानदानं मान वर केली. तिचे कान लाल झाले होते. तिनं एकदाही सरदारबीकडं बघितलं नाही. तोंड घट्ट मिटून ती तशीच बसून राहिली. तिनं बघितलं असतं तर कदाचित सरदारबी गप्प बसू शकली असती. न बघणं तिला सोसलं नाही.

"ओलावा न्हवं, मालक," ती म्हणाली. "आलं आन् विलायची."

महादेवप्पांनी कागद खाली ठेवला.

"काय?" कमलाकर म्हणाले.

"च्या हाय तो. साडेनऊचा च्या, बाराचं डबं, दोनचा च्या. माजी शेगडी हाय बॉबिनच्या खोलीत, तीन वर्सं झाली. पोरीनं काय फिरवलं न्हाय. तार मी फिरवली."

"शेगडी? कापसाच्या खात्यात?" कमलाकर खुर्चीतून अर्धे उठले. आता मात्र त्यांचा राग खरा होता आणि सरदारबीला तो कळत होता.

"पुसून झाडून ठिवते, साहेब. वाळू हाय, पानी हाय. तुमाला जागा मागितली हुती तीनदा."

"अर्ज द्या म्हणालो होतो मी!"

"अर्जावर भाकरी गरम हुईत न्हाय."

महादेवप्पा हसले नाहीत. ते उठले, खात्यातून चालत बॉबिनांच्या खोलीपर्यंत गेले, पोतं उचलून आत वाकून बघितलं. फरशीवरून बोट फिरवून ते बोट उजेडात धरलं. स्वच्छ होतं. तरी बाहेर येऊन ते सरदारबीकडं वळले.

"लहानपनी माझ्या काकाचं गोदाम जळालेलं बघितलंय मी. येवढी एक ठिनगी. तू कितीबी पुसलंस तरी कापसाला कळत न्हाय ते. तीस बायका हायेत हितं."

"चुकलं, मालक," ती म्हणाली. आणि सव्वीस वर्षांत हे वाक्य तिनं गिरणीत पहिल्यांदा उच्चारलं असावं, कारण बसव्वा काम सोडून बघायला लागली.

शेगडी त्याच दिवशी जप्त झाली. सरदारबीला आणि रज्जाकला लेखी ताकीद मिळाली. तिनं ती घडी घालून रेशनकार्डात ठेवली. नवी यंत्रणा बाराही मशीनना घ्यायचं ठरलं. अंगणात, खात्यापासून लांब, सायकल स्टँडशेजारी डबे गरम करायची एक विटांची खोली आठवड्याभरात उभी राहिली. त्यासाठी अर्ज लागला नाही. ज्ञानदा जाताना सगळ्यांचा निरोप घेऊन गेली आणि रज्जाकला म्हणाली, "भाऊ, पुढच्या वेळी तार टाकाल तेव्हा आधी मला फोन करा."

पण महादेवप्पांच्या डोक्यात दुसरंच चक्र फिरत होतं. महिन्याभरानं ते पुन्हा आले आणि सरदारबीला बोलावून म्हणाले, "तीन वर्सं रोज सहा युनिट तू मास्तरांच्या नाकाखालनं पळवलंस. म्हंजे ह्या गिरनीत वीज कुटं कुटं गळतीय ते तुला ठावं आसनार. रज्जाकला घे, आठवड्यातनं एक दिवस सगळीकडं फिर. जिथं वाया जाती तिथं लिहून आन."

"मला लिवता कुटं येतंय, मालक?"

"रज्जाक लिहील. तू बोट दाखव."

आणि ती बोट दाखवायला लागली. हवेच्या पाइपाला भोक होतं, त्यातून पोरं कपड्यांवरचा कापूस उडवायची. बंद गोदामात दोन वर्षं दिवा जळत होता. वजनकाट्याच्या खोलीतला पंखा रिकाम्या खुर्चीला वारा घालत होता. रज्जाकची वही भरत गेली. लोक तिला येताना बघून घाईघाईनं बटणं बंद करू लागले. तिला ह्या कामाची लई गंमत वाटू लागली होती.

तिसऱ्या आठवड्यात ती कमलाकरांच्या केबिनपाशी पोहोचली. मास्तर दारातच उभे होते, हाताची घडी घालून. मागं केबिनमध्ये दिवा बंद, पंखा बंद, एसी बंद. खिडकी सताड उघडी.

"या, सरदारबी," ते म्हणाले. "बघा. काही सापडतंय का."

तिनं आत डोकावून बघितलं. खरंच काही चालू नव्हतं. रज्जाकनं वही मिटायला घेतली. मग सरदारबी केबिनला वळसा घालून मागच्या भिंतीकडं गेली. तिथं एसीचा बाहेरचा डबा होता. तिनं त्यावर तळहात ठेवला, भाकरीसाठी तवा तापलाय का बघतात तसा, आणि पटकन उचलला.

"साहेब," तिनं भिंतीपलीकडून हाक मारली, "ह्यो आत्ता उतरलाय चुलीवरनं!"

रज्जाकनं वही उघडली आणि विचारलं, "लिहू?"

"लिव्ह की," ती म्हणाली आणि पुढच्या खोलीकडं निघाली.